स्वस्तातला माईक

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. सकाळपासून तीन कागद फाडले, दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा प्यायचा राहिला. फोन केला असता तर माझं वाक्य तूच पुरं केलं असतंस, लहानपणापासून करत आलीस तसं. आज मला ते नको आहे.

बातमी अशी, की छापखान्यात मुकाट्याने मुद्रितं तपासणारा तुझा भाऊ आता पॉडकास्ट करणार आहे. हस! मीही हसलो. अडखळत बोलणाऱ्यांसाठी, अडखळत बोलणाऱ्यानं केलेला कार्यक्रम. स्वस्तातला माईक शोधताना महिनाभर हिचं डोकं खाल्लं. शेवटी दिसायला रुबाबदार म्हणून एक कंडेन्सर माईक आणला. त्यानं काय ऐकलं नाही ते विचार! पंखा, फ्रिज, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची. माझा आवाज तेवढा लांब कुठेतरी. दोन दिवसांत परत घेऊन गेलो.

दुकानातल्या बाई म्हणाल्या, "घरातली साधी खोली ना? मग डायनॅमिक घ्या. तो तोंडाजवळचंच ऐकतो, बाकीचा गोंधळ सोडून देतो. थेट कॉम्प्युटरला जोडता येणारा घ्या, नवशिक्याला पुरे. वर स्पंजची टोपी लावा, म्हणजे हवेच्या फटक्यानं 'प' फुटणार नाही." म्हटलं, चला, 'प'ला घाबरणारा मी एकटाच नाही. मग माझ्या कानांवर हेडफोन चढवून त्या म्हणाल्या, "बोला काहीतरी." 'माझं नाव' म्हणायला गेलो आणि 'म'वरच अडकलो. मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं. बाई थांबल्या. शब्द सुचवला नाही, घड्याळ पाहिलं नाही. माझा शब्द मीच बाहेर काढला. तोच माईक घेऊन आलो.

पहिला भाग अकरा वेळा रेकॉर्ड केला. एकदा सगळं अडखळणं कापून टाकलं, तर ही म्हणाली, "हा कोण परका माणूस?" बाराव्यांदा काहीच न ठरवता बोलत गेलो, आणि तोंडून भलतंच निघालं. ते मी आजवर हिलासुद्धा सांगितलं नव्हतं.

बाबा स्वयंपाकघरात कोसळले त्या दुपारी रुग्णवाहिका उशिरा आली आणि ते गेले, म्हणून तू अजून त्या लोकांना दोष देतेस. ताई, फोन मी केला होता. पलीकडून विचारलं, "पत्ता सांगा." मला गल्लीचं नाव उच्चारता येईना. कोणी चेष्टा करतंय असं वाटून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. मग धावत शेजारच्या काकांना बोलावून आणलं, त्यांनी फोनवर पत्ता सांगितला. मधे किती वेळ गेला, खरंच माहीत नाही. तू आल्यावर विचारलंस, "इतका उशीर कसा झाला?" मी तोंड उघडलं, आणि तूच म्हणालीस, "गाडी उशिरा आली ना?" मी मान डोलावली.

रेकॉर्डिंग तयार आहे, कोणालाही ऐकवलेलं नाही. लोकांच्या आधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. तू नको म्हणालीस तर तो भाग पुसून टाकेन. रागावणार असशील तर इथे येऊन रागाव. मला उत्तर द्यायला वेळ लागेल, तेवढी थांब.

तुझाच,
धाकटा