मोठा पडदा काळा पडला त्याची हकीकत

लिंबायत, सुरत
ता. १२ सप्टेंबर १९९८

तीर्थस्वरूप सुकलालभाऊंना गजेंद्रचा वाकून नमस्कार.

तुमचं ब्लडप्रेशर उतरलं असेल, वहिनींचा गुडघा वळायला लागला असेल आणि म्हैसही व्याली असेल, असं धरून चालतो. आईंना माझा वेगळा नमस्कार सांगा. मी मजेत आहे. (सकाळी पोळी करपते, पण ती कुणाचीही करपते.)

मंगळवारी आमच्याकडे मोठा घोटाळा झाला. मी पर्वत पाटिया भागात शेठच्या गाळ्यात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं रंगवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेठने हल्लीच सिंगापूरहून लॅपटॉप आणला, म्हणजे वहीसारखा मिटणारा कॉम्प्युटर. त्याचा पडदा पाटीएवढा. पदर दिसला तर काठ दिसत नाही. म्हणून मागच्या खाचेत वायर खोचून व्यापाऱ्यांना मोठ्या मॉनिटरवर चित्र दाखवायचं, अशी रीत. अकरा वाजता इंदूरचे तीन व्यापारी यायचे, आणि दहाला मॉनिटर काळा! लॅपटॉपवर साडी, मॉनिटरवर अमावस्या. शेठ म्हणाले, "गजेंद्रभाई, आ पार्टी गई तो दिवाळी गई." म्हणजे माझीही गेलीच.

मी घाबरलो नाही. (घाबरलो, पण हळूहळू.) वायरचे स्क्रू पिळले. लॅपटॉप बंद करून चालू केला. दुसरी वायर लावली, अमावस्याच. मग मॉनिटर उचलून शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला, तर लगेच लख्ख. म्हणजे वायर निर्दोष, मॉनिटर निर्दोष. रुसली होती ती लॅपटॉपची खाच. कतारगामहून कुंदन मेकॅनिक आला. त्याने खाचेत बॅटरी मारली, पिना मोजल्या, "मुंबईला पाठवावं लागेल" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तेवढ्यात पार्टी आली. तिघांनाही लॅपटॉपपुढेच बसवलं, एक मधे, दोघे दोन बाजूंना. त्या पडद्याचा स्वभाव असा, की खरा रंग समोरूनच दिसतो. बाजूने पाहिलं की रंग फिरतो. मी मेंदी रंगाची साडी लावली. डावीकडचे म्हणाले, "ये जामुनी बढ़िया है." मधले म्हणाले, "जामुनी कहाँ? मेहंदी है." उजवीकडचे चिडले, "दोनों को मोतियाबिंद है क्या? साफ सलेटी है!" शेठने माझ्याकडे पाहिलं, मी शेठकडे. "त्रणे रंगमां मळशे," शेठ शांतपणे म्हणाले. आणि तिघांनी तीन रंगांत माल नोंदवला!

तोवर आमच्या डिझायनर हर्षदाताईंनी लॅपटॉपचं पुस्तक वाचून काढलं होतं. चित्र छोट्या पडद्यावर, मोठ्यावर की दोन्हींवर, हे ठरवायला कोपऱ्यातलं एक बटण धरून वरचं पाचवं दाबायचं असतं. त्यांनी दाबलं, मॉनिटर उजळला. खाच धडधाकट होती! पण मोठ्या पडद्यावर साडी स्वच्छ मेंदी दिसली, आणि डावीकडचे म्हणाले, "इसका रंग बिगड़ गया. पहलेवाला ही चाहिए." शेठने डोळ्याने खुणावलं, मी गुपचूप वायर उपटली.

मग तीन दिवस आमचे रंगमास्तर धुडकूमामा मान वाकडी करून लॅपटॉपपुढे बसले आणि बाजूंनी दिसणारे जांभळा आणि राखाडी रंग बादलीत उतरवत राहिले. काल दोन्ही उतरले. शेठने पेढे वाटले.

एवढंच कळवायचं होतं.

आपला,
गजेंद्र

ता. क. : त्या सकाळी लॅपटॉप चालू असतानाच मी फडक्याने त्याची बटणं पुसली होती. हे तुमच्यापाशीच ठेवा.

ता. क. दुसरा : रंजना माहेरी तुमच्याकडे येऊन आज एकोणीस दिवस झाले. तिने कारण सांगितलं नसेल तर मी सांगतो. आई इथे आल्या होत्या, तेव्हा घरी उशिरा जाता यावं म्हणून मी रोज ओव्हरटाइम आहे असं सांगायचो. पाचव्या दिवशी भाजीला निघालेल्या दोघींनी मला बागेत शेंगदाणे खाताना पाहिलं. चूक माझीच. पुढच्या रविवारी भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला उतरतो. आधी आईंचे पाय धरीन, मग रंजनाला नेण्याचं बोलेन. तुम्ही तेवढे घरी असा.

ता. क. तिसरा : पत्रात आपलं नाव इतक्या शेवटी का, असं ती विचारेल. तिला सांगा, आधी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. पुढे काय लिहावं ते सुचेना, त्यात चार कागद गेले. म्हणून मग लॅपटॉपचं लिहिलं.