दिनकरराव भावजींचा तुकडा

मी धुरपताबाई, भ्रतार कैलासवासी किशनराव, धंदा आधी सावकारी आणि आता शिनेमा, राहणार मौजे चुडावा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र कुणाच्या दाबाखाली न येता, उलट लय आनंदात लिहिते. माझी अक्कल ठिकाणावर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला ते जोर देऊन लिहायचं आहे. कारण माझे धाकटे दीर दिनकरराव यांनी गावभर सांगितलंय की म्हातारीला वेड लागलं. मी मेल्यावर अदालतीत हेच सांगून माझा शिनेमा ताब्यात घ्यायचा आणि जाळायचा, असा त्यांचा बेत आहे. म्हणून हा कागद. अक्षर माझंच आहे, नातीनं शिकवलेलं. वेलांट्या चुकल्या तर त्याला वेड म्हणू नये.

कलम पहिलं. राहतं घर माझ्या नातीला, कोकिळेला. तिला आई-बाप न्हाईत, आणि सासरच्यांनी "पोरगी लय बोलती, सगळ्यांच्या नकला करती" म्हणून परत धाडली. तिचा सासरा माझ्या मयतीला आला तर त्याला बसायला म्हणू नये. पाणीही विचारू नये.

कलम दुसरं. कॅमेरा कोकिळेला. तो घरात कसा आला ते लिहिते, कारण भावजी त्याला वेडाचा पुरावा म्हणतात. मिरजेकडचा भुजंग स्वतःच मुके शिनेमे काढायचा आणि तंबू घेऊन गावोगाव दाखवायचा. बोलणारे शिनेमे निघाले आणि याच्या मुक्याला कुणी विचारीना. त्यानं कॅमेरा माझ्याकडं गहाण टाकला. मुदत सरली. मुदत सरली की वस्तू मोडीत घालायची, ही आमच्या घरची रीत. मोडायच्या आधी म्हटलं बघावं तरी. पेटीत डोळा घातला तर अंगणातली म्हैस उलटी, पाय वर करून रवंथ करायलीती. मी एवढी हसले की पदर डोळ्याला लावावा लागला. मालक गेल्यापासून पेढीच्या गादीवर बसून मी लोकांचं रडणंच ऐकत होते. भुजंगाला म्हटलं, "कॅमेरा माझा, हात तुझा. काढ शिनेमा." यात वेड कुठं आलं? सावकारानं पैसा एका धंद्यातून काढून दुसऱ्यात घातला, एवढंच.

कलम तिसरं. पेढीची गादी आणि तक्के आश्रुबाला. भुजंग नट आणायला पुण्याला निघाला होता. मी म्हटलं, बस खाली. माझ्या ओट्यावर आयुष्यभर लोक रडून गेलेत, त्यातला चांगला कोण रडतो ते मला इचार. आश्रुबा व्याज टाळायला दर साली एकाच म्हशीच्या मरणावर रडायचा, आणि म्हैस तेव्हा माझ्याच बांधावर चरत असायची. त्याला नायक केला. कॅमेऱ्यापुढं उभा राहिला आणि म्हणतो, "माय, आज खरं रडू का नेहमीवानी?"

"नेहमीवानीच रड बाबा. खरं तुला जमायचं न्हाई."

शिनेमा लागला तेव्हा तंबूत बाया पदर पिळत होत्या. इतकी वर्षं बिचारा खाली जमिनीवर बसून रडला, आता गादीवर बसावा.

कलम चौथं, दिनकरराव भावजींबद्दल. शूटिंग चालू असताना ते काठी घेऊन अंगणात घुसले. "वहिनी, दादाच्या कमाईचा तमाशा करायलाव तुमी! नातीच्या तोंडाला रंग फासायलाव!"

कोकिळा म्हणाली, "आजोबा, सरका, तुमचा फोटू निघायलाय."

"मला येडं समजती का? फोटूला पुतळ्यावानी बसावं लागतंय. मी हालायलोय, माझा कसा निघंल?"

परभणीच्या फोटोवाल्यानं त्यांना एकदा श्वास धरून बसवलं होतं, तेवढ्यावर सगळी विद्या. मग निघू नये म्हणून ते आणखी जोरात हालले. काठी आपटली, मुंडासं पडलं, त्याच्यावर स्वतःच पाय दिला. भुजंग कॅमेऱ्याची दांडी फिरवतच होता.

आमचा शिनेमा मुका, म्हणून कोकिळा पडद्याशेजारी उभी राहून सगळ्यांचं बोलणं बोलते. भावजींचं तर खाकरण्यासकट. पार बोरीहून गाड्या जुंपून लोक आले ते आश्रुबासाठी न्हाई, मुंडाशासाठी. आता भावजी रस्त्यानं निघाले की पोरं टोप्या खाली टाकून तुडवतात. माझ्या वेडाचा शोध त्याच आठवड्यात लागला.

तर मी असं ठरवते. भावजी दिसतात तो तुकडा शिनेमाच्या पट्टीतून कापून त्यांना आजच द्यावा. अट एकच. हा कागद इथवर ऐकून, साक्षीदार म्हणून, माझ्या अकलेबद्दल त्यांनी स्वतःच्या हातानं लिहावं.

भावजींना बोलावून इथवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "पुरा तुकडा? मुंडाशाचासुद्दा?"

"मुंडाशासकट. फक्त चुलीत घालू नका, भडकतो. अंगणात जाळा, मिशा सांभाळून."

"लय शहाण्या झाल्या वहिनी."

"तेच लिहा की इथं."

साक्षीदार:
मी दिनकरराव लिहून देतो की माझ्या वहिनी धुरपताबाई यांची अक्कल ठिकाणावर आहे. वेडाबद्दल पूर्वी बोललो ते रागात बोललो. दस्तखत खुद्द.
मी लिंबाजी, शेजारी, समोर हजर होतो. निशाणी अंगठा.

कलम पाचवं. हे सह्यांनंतर, भावजी तुकडा धोतरात लपवून पळत घरी गेल्यावर लिहिते. लिंबाजी अजून इथंच आहे. शिनेमाची एक मूळ पट्टी असते, तिच्यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं. तिच्यावरून पाहिजे तेवढ्या नव्या पट्ट्या निघतात. आमची मूळ पट्टी पुण्यात आहे, जिथं धुतली तिथं. ती कोकिळेला दिली. तिनं नवी पट्टी काढावी, मुंडाशाचा तुकडा जिथल्या तिथं ठेवावा, आणि जोवर घसा आहे तोवर भावजींचं बोलणं बोलावं. कुणी अडवलं तर पुढचा शिनेमा त्याच्यावर काढावा.

भावजींच्या अंगणातून धूर निघायलाय. कोकिळा खाकरून दाखवायलीय आणि हसून हसून मला धड लिहवत न्हाई. अक्षर बिघडलं म्हणून कुणाला शंका आली तर वरची दिनकररावांची सही पाहावी.

साक्षीदार: लिंबाजी, निशाणी अंगठा, दुसऱ्यांदा.
दस्तखत: धुरपताबाई, खुद्द.
मुक्काम चुडावा, माघ शुद्ध सप्तमी, सन १३४७ फसली.