फ्लोटला बांधलेली तार

३ तारीख, सोमवार

आजपासून मी मासेमारीच्या बोटीवरचा वायरमन. पंधरा वर्षं दुकानात बसून पंपांच्या जळक्या मोटारी पुन्हा तार गुंडाळून भरल्या, आता मोटारींनीच मला समुद्रावर आणलं. सकाळी धक्क्यावर पोचलो तर ऊन छान पडलं होतं आणि भावोजी बोटीच्या कठड्याशी उभे. त्यांनी माझी बॅग वर ओढून घेतली, हात दाबून धरला. हात गार, बोटं सुरकुतलेली, तासभर धुणं धुतल्यासारखी. इंजिन सांभाळणाऱ्याचे हात असेच होत असतील. त्यांचा मेव्हणा म्हणून कप्तान, आचारी आणि जाळेवालाही मला 'मेव्हणे' म्हणू लागले. एका दिवसात चौघांचा मेव्हणा झालो, बहीण मात्र एकच.

ताईचा निरोप अजून सांगितलेला नाही. दोन वर्षांपूर्वीच्या वादळानंतर भावोजी एकदाही घरी आलेले नाहीत. घर धक्क्यापासून अर्ध्या तासावर, तरी नाहीत. सामान पाठवतात, चिठ्ठी पाठवतात. मी निघताना ताई म्हणाली, "पंप दुरुस्त कर नाहीतर करू नकोस. माणूस घरी आण." आणणारच. फेरी आठ दिवसांची आहे, वेळ बघून विषय काढीन.

४ तारीख, मंगळवार

काम समजून घेतलं. कठड्याशी अडीअडचणीला ठेवलेला हाताने मारायचा सोडला तर बोटीवर पंप तीन. एक मासे धुण्याचा, एक इंजिन थंड ठेवणारा आणि एक तळाचा, म्हणजे बोटीच्या पोटात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा. तक्रार तळाच्या पंपाची आहे, दिवसातून चारदा फ्यूज उडवतो आणि दर वेळी कुणीतरी धावत येऊन लगेच नवा घालतो. उघडून बघितलं तर वायरिंग म्हणजे नुसता आनंद. तारा पिळून जोडलेल्या, वर टेप, आत खाऱ्या पाण्याने सगळं हिरवं पडलेलं. पंप क्षणभरही बंद करू देईनात, म्हणून बाजूने तात्पुरती तार ओढून दिवसभर घासलं, कापलं, नवीन टोकं बसवली.

खरी गंमत पुढे होती. या पंपाला एक फ्लोट असतो. पाणी चढलं की तो तरंगून वर येतो आणि पंप सुरू होतो, पाणी उतरलं की बंद. इथे कुणीतरी फ्लोट तांब्याच्या तारेने वर बांधून टाकलाय. म्हणजे पंप अखंड चालू, धक्क्यावरसुद्धा. कोरडा पंप चालवला तर मोटर तापणार, फ्यूज उडणारच. मी हसत हसत सांगितलं, तर आचारी चहा तसाच ठेवून उठून गेला. जाळेवाला म्हणाला, त्या तारेला हात लावू नका. ज्याला विजेतलं कळत नाही, त्यालाच सल्ले फार सुचतात.

५ तारीख, बुधवार

एक गोष्ट जुळत नाही. तळ कोरडा आहे. ठणठणीत कोरडा, फळ्यांवर धूळ आहे. पंपाच्या तोंडाशी तळहात धरला, ओढ नाही. तरी बाहेरच्या पाइपातून मनगटाएवढी धार समुद्रात पडते आहे. पाइप हाताने चाचपत शेवटपर्यंत गेलो. कुठे जोड नाही, चीर नाही. मीटरवर मोटर पूर्ण भार ओढतेय.

भावोजींना विचारलं. ते म्हणाले, चालू आहे ना, मग चालू दे. त्याच ओघात घरी यायचं काढलं. पंप सोबत नेता आला तर येईन, म्हणाले, आणि एकटेच हसले. मला राग आला. ताई दोन वर्षं दारात बसलीय आणि यांना विनोद सुचतो.

६ तारीख, गुरुवार

दुपारी सगळे जाळं ओढत होते. मी तार कापली. नवीन फ्लोट नीट बसवला. पंप थांबला. बोटीवर पहिल्यांदा शांतता झाली आणि मी स्वतःवर खूश होऊन वर आलो.

कप्तान खोकत होता. मग आचारी. जाळेवाला गुडघ्यांवर बसला. त्यांच्या तोंडातून पाणी येत होतं. उलटी नाही, स्वच्छ पाणी, नळासारखं. भावोजी आडवे पडले होते, छातीत गुडगुड ऐकू येत होतं. विषबाधा म्हणावी तर मीही तेच जेवलो होतो. कप्तानाने तळाकडे बोट दाखवलं. मी धावत खाली गेलो, घाईत फ्यूज न लावता तार थेट जोडली. ठिणग्या उडाल्या, पंप सुरू झाला.

वर आलो तर चौघंही उठून बसले होते. बाहेर धार पडत होती. कप्तानाने तोंड पुसलं.

"वादळात आम्ही चौघं बुडालो, मेव्हणे. बोट आपोआप वर आली. पंप चालू होता, म्हणून आम्हीही."

७ तारीख, शुक्रवार

फ्लोट मी माझ्याच हाताने परत वर बांधला. तार दुहेरी घातली.

भावोजी जवळ येऊन बसले. मोटर जुनी झालीय, विश्वासाचा माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं म्हणाले. आधी सांगितलं असतं तर तू आला नसतास, म्हणाले. खरंय. मी त्यांच्याकडे बघू शकत नाही. ते ताईबद्दल विचारत राहिले. गुडघा दुखतो का, अजून मोठ्याने हसते का.

काल तार थेट जोडली तेव्हाच मोटरच्या आतल्या कॉइलला धग लागली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला भीती वाटते. त्यांची नाही. मोटरची.

८ तारीख, शनिवार

कॉइलवरचं वॉर्निश जळाल्याचा वास. मासे धुण्याच्या पंपाची मोटर काढून इकडे बसवायची ठरवली. बदलायला चार मिनिटं लागणार, असं सांगितलं. चौघंही जाऊन ओळीने आडवे झाले. कुशीवर. जाळेवाल्याने उशाशी बादली घेतली.

पाच मिनिटं लागली. एक स्क्रू निसटून फळ्यांखाली गेला —

कप्तानाने बोट घराकडे वळवली आहे.

९ तारीख, रविवार

ही मोटर लहान आहे. भार झेपत नाही. तिच्यावर ओली फडकी टाकतोय, बदलतोय, टाकतोय. हात लावला की चटका.

झोप नाही. आचाऱ्याने चहा दिला. कपात त्याच्या तोंडातून थेंब — मी प्यायलो. काय करणार.

१० तारीख, सोमवार

पहाटे जळाली. हाताने मारायचा पंप कठड्याशी आहे, तो मारतोय. धार येते. पातळ. चौघं पडलेत. उजव्या हाताने दांडा, डाव्याने हे लिहितोय, वाकडंतिकडं. वही ताईला मिळावी म्हणून. भावोजींनी मुद्दाम केलं नाही, ताई. येता येत नव्हतं.

थांबलो की त्यांच्या ओठांशी पाणी —

धक्का दिसतोय. कप्तानाने सुकाणू सरळ बांधून ठेवलं होतं. इंजिन जोरात आहे. बंद करायचा खटका केबिनमध्ये. सहा पावलं. जायचं तर दांडा सोडावा —

अगदी टोकाशी ताई उभी. बोटीच्या रेषेत, बोट तिथेच आदळणार. हात हलवतेय. ओरडलो, इंजिनात ऐकू जात नाही. तिला वाटतंय मी आनंदाने —

भावोजींना मी कठड्याला टेकवून बसवलंय. त्यांनी तिला बघितलं. मग केबिनकडे, मग माझ्याकडे. बोलता येत नाही. माझी बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवतायत. गार —

मी सोडत नाहीये. ते सोडवतायत, ताई, मी नाही, ते —