अहो नव्हे, अरे

३ जानेवारी
आईने आज मला ‘अहो’ म्हटलं. पेपर वाचत बसलो होतो. दारातून म्हणाली, अहो, चहा गार होतोय. मी मागे वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

बायकोला सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. आईंना डॉक्टरांना दाखवू या म्हणाली. कशाला? या वयात आईची मेमरी माझ्यापेक्षा शार्प आहे. जीभ घसरली, एवढंच.

६ जानेवारी
जीभ पुन्हा घसरली. दोनदा. वर ‘तुमचा शर्ट इस्त्रीला दिलाय’ म्हणाली. जन्मभर मला ‘अरे गाढवा’ म्हणणारी बाई! ‘गाढवा’ ऐकायला इतकं बरं वाटत होतं, हे आज कळलं.

७ जानेवारी, सकाळ
छडा लागला! दाढी करताना आरशात साक्षात बाबा. तीच मिशी, त्याच आठ्या, डोळ्यांखाली त्याच पिशव्या. कुणीही फसेल, आईची काय चूक? दोष तिच्या डोक्याचा नाही, माझ्या थोबाडाचा आहे. आणि थोबाड दुरुस्त करता येतं. फार हलकं वाटलं.

संकल्प: भरपूर झोप, साखर बंद, रोज चेहऱ्याचे व्यायाम.

१० जानेवारी
साखर चालू. बिनसाखरेच्या चहाने तोंड वाकडं होतं आणि सुरकुत्या वाढतात. साधं लॉजिक आहे.

व्यायाम वर्कशॉपमध्ये केले. गाल फुगवून भुवया उडवत असताना एक गिऱ्हाईक बाई आत आल्या. सोफ्याचं कापड न बघताच गेल्या.

१५ जानेवारी
केस काळे केले. पाकिटावर ‘नॅचरल’ लिहिलंय. बायको म्हणाली, बूट पॉलिश संपलं का? मुलीने व्हिडिओ कॉलवर बघून ‘ठीक आहे, बाबा’ म्हटलं. ती ठीक आहे म्हणते तेव्हा काहीच ठीक नसतं.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, अहो, आपल्या वयाला शोभतं का हे?

आपल्या!

२२ जानेवारी
कॉस्मेटिक सर्जनकडे गेलो. पोरगेलासा दिसतो. स्वतःचंही करून घेतलं असेल. कसं दिसायचंय, त्याने विचारलं. मुलासारखं, म्हटलं. मुलाचं वय काय? म्हटलं, मला मुलगा नाही, मुलगी आहे. त्याने पेन खाली ठेवलं.

मग धोके सांगितले. सूज, काळंनिळं होणं, एक डोळा मोठा दिसणं, क्वचित पापणी नीट न मिटणं. कशासाठी करताय, विचारलं. बिझनेससाठी, म्हटलं.

२४ जानेवारी
शंका. उभा जन्म सोफ्यांना कापड बसवण्यात गेला. इकडे ताणलं की तिकडे चुण्या पडतात, हे मला कुणी शिकवायला नको. आजच एका गिऱ्हाइकाला बजावलं, आतली स्प्रिंग गेली असेल तर नुसतं कव्हर बदलून उपयोग नाही. पटेना त्याला. लोकांना खरं ऐकायचंच नसतं.

जेवताना बायको म्हणाली, अहो, तुमच्या चेहऱ्याला काही झालेलं नाही. आई विसरायला लागल्यात. मी ताटावरून उठलो. नको नको ते बोललो तिला. ती रडली. मला फार वाईट वाटलं, पण सॉरी म्हटलं नाही.

घरात दोन बायका, दोघीही अहो म्हणतात. मला अरे म्हणणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. भीती वाटते.

ऑपरेशन करायचं. ठरलं.

५ फेब्रुवारी
झालं. आईला सांगितलंय, कामासाठी परगावी जातोय. राहतो वर्कशॉपच्या माळ्यावर, फोमच्या गठ्ठ्यांत. सूज उतरल्याशिवाय तिच्यासमोर जायचं नाही. तूर्त मार खाऊन आल्यासारखा दिसतो.

९ फेब्रुवारी
बायकोचा फोन. आई खिडकीतून हलत नाही, सारखी विचारते, हे कुठे गेले? असाल तसे या, म्हणाली. मी म्हटलं, अर्धवट काम कुणाला दाखवत नसतात.

२० फेब्रुवारी
मिशी उडवली. झकास! उजवा डोळा किंचित मोठा दिसतो, पण त्यामुळे चेहऱ्यावर एक उत्साह आलाय. बाबांचा मागमूस नाही.

उद्या घरी. दार उघडताच म्हणेल, अरे गाढवा, होतास कुठे?

२१ फेब्रुवारी
आईनेच दार उघडलं. मी हसलो. तिने अंगावरची शाल सावरली आणि विचारलं, कोण पाहिजे आपल्याला?

आई, मी, म्हटलं.

ती अवघडून हसली. म्हणाली, हे घरात नाहीत. कुठे गेलेत तेही सांगून गेले नाहीत. बायको तिच्या मागे उभी होती. आई दार लावता लावता थांबली. म्हणाली, तुम्हाला कुठे भेटले तर सांगाल का? मी रागावलेले नाही म्हणावं. जेवायची थांबलेय.

सांगतो, म्हटलं.

दार लागलं. जिन्यात बसून लिहितोय. डॉक्टरने डोळे चोळायचे नाहीत म्हणून सांगितलंय.

मिशी परत यायला किती दिवस लागतात?