एरंडेलाचा चौथा हिस्सा

ग्रँथम, ३ एप्रिल १९६६

चि. ह्यूबर्टला मेव्हिसचे अ. आ.

पत्र पोचलं. पुढच्या महिन्याच्या मॉडेल-विमानांच्या शर्यतीसाठी इंधनातलं एरंडेल निम्म्यावर आणायचं म्हणतोस. तेवढं रॉकेल जास्त मावेल आणि शंभर फेऱ्यांत विमान दोनदाऐवजी एकदाच उतरवावं लागेल. हिशेब बरोबर आहे, पण आपला पिस्टन ओतीव लोखंडाचा. इतक्या कमी तेलावर तो जाम होणार. बारा वर्षं आपलं एकच माप आहे: चौथा हिस्सा एरंडेल, बाकी ईथर आणि रॉकेल. औषधवाला तर परवा विचारत होता, बाई, पोटाला अजून उतार नाही का.

तू मधे उभा राहून तारांवर विमान फिरवायचंस आणि मी ते झेलून, टाकी भरून, बोटाने पंखा फिरवून इंजिन चालू करून सोडायचं, हेही बारा वर्षांचंच. आता तुला थांबे कमी हवेत. माझा हात मंद झाला असेल तर तसं लिही आणि दुसरं कुणी बघ.

शेंगदाण्याचा केक पाठवलाय. माया आहे ती राहू दे.

मेव्हिस

बेडफर्ड, ९ एप्रिल

प्रिय मेव्हिस, स. न. वि. वि.

केक संपला. हात मंद झाला असं मी लिहिलं कुठे? उगाच नाकाला मिरच्या झोंबवून घेऊ नकोस. यंदा जिंकायचंय, एवढंच. मी लिहिलंय तसंच मिसळ. लोभ वाढवलास तरी चालेल.

ह्यूबर्ट

ग्रँथम, १६ मे

चि. ह्यूबर्टला अ. आ.

काल शर्यतीहून रात्री घरी आले. इंजिन उघडून पाहिलं. एकसष्टाव्या फेरीला जाम झालं ते तेलावाचूनच. पिस्टनवर खोल ओरखडे आहेत. तुला न सांगता मी एरंडेल वाढवू शकले असते. नाही वाढवलं. तू मला काढतोयस असं वाटलं, आणि रागाने म्हटलं, जळू दे. याची मला लाज वाटते.

मेव्हिस

बेडफर्ड, २० मे

प्रिय मेव्हिस, स. न. वि. वि.

नाताळात मुरंब्याची बरणी तू गुडघ्यांत धरून उघडत होतीस. गेल्या हंगामात पंखा फिरवून झाला, की हात खिशात घालायचीस. म्हणून मला एक थांबा कमी हवा होता. हात दुखतो का, असं विचारलं असतं तर तू होच म्हणाली असतीस आणि शर्यतच सोडली असतीस, ही भीती होती. नवा पिस्टन मागवलाय. रागावलीस तरी लिहीत जा.

ह्यूबर्ट

ग्रँथम, २४ मे

चि. ह्यूबर्टला अ. आ.

बोटं दुखतात, खरं आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी वाढेल. पंधरा दिवस झाले, डाव्या हाताने पंखा फिरवायला शिकतेय. दुप्पट वेळ लागतो. त्या वेळात बाकीचे चार फेऱ्या पुढे जातील.

एरंडेल चौथा हिस्सा मिसळून ठेवलंय. म्हणजे थांबे दोन आणि आपला नंबर बहुधा शेवटचा. तुला जिंकायचं असेल तर आत्ताच सांग, मी खरंच रागावणार नाही. नसेल, तर पंचवीस जूनच्या शर्यतीला सकाळी सातला मला घ्यायला ये.

तुझी,
मेव्हिस