निलेशचं उघडं पोर्ट

कळवा, मंगळवार संध्याकाळ

निलेशला हे जग सोडून आठ महिने झाले. त्याने गंमत म्हणून एक छोटी मराठी प्रोग्रॅमिंग भाषा बनवलेली. ती डोंबिवलीला त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालायची. आम्हा मित्रांना बाहेरून वापरता यावी म्हणून त्याने राउटरवर एक पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडं ठेवलेलं.

आज ऑफिसातून आल्यावर सहज तो जुना पत्ता टाकला, आणि लागला की! 'मोज २ + २' लिहिलं. ४ आलं. मग मी काही टाइप न करताच खाली उमटलं: कोण?

कोण? त्याच्या भाषेत हा शब्दच नव्हता. सरळ त्याच्या आईला फोन लावला.

"काकू, निलेशचा कॉम्प्युटर चालू आहे का?"

"अरे, तू आहेस होय! मीच विचारलं, इथून टाइप करून. त्यानेच शिकवलेलं मला. रोज संध्याकाळी बसते इथे. परवापण कोणीतरी आलेलं, 'कोण' विचारलं तर गेलं. आपला निलेशच असेल का रे?"

उघडी पोर्टं हुडकत फिरणारे प्रोग्रॅम असतात, त्यातलाच एखादा असणार. तसं सांगितलं मी. तो नव्हता, हेही सांगितलं. असं उघडं ठेवणं धोक्याचं आहे, शनिवारी येऊन बंद करतो म्हणालो.

काकू म्हणाल्या,

"कर बंद. पण त्याआधी मला एकदा बाहेरून आत यायला शिकव. मी इथे त्याच्या जागेवर बसलेली असते ना, म्हणून तो आतून बोलत नसेल."