पलीकडून आलेली अनिश्चितता

२ मार्च, सकाळी ९.१५
आजपासून रोजनिशी. मी कायम झाल्यावर लोक विचारतील की सुरुवात कशी झाली, तेव्हा निदान आपल्याला तरी आठवायला हवं.
व्यापारी संघाच्या संशोधन कक्षात मी सहा वर्षं टेंपररी आहे. कक्षात मी आणि एक पंखा. पंखा कायम आहे.
साहेबांनी नवीन काम दिलंय. सरकारच्या आर्थिक धोरणाबद्दलची अनिश्चितता मोजायची. पद्धत सोपी. रोज पेपर वाचायचे. 'अर्थव्यवस्था', 'सरकार' आणि 'अनिश्चित' हे तीन शब्द एकाच बातमीत सापडले की कात्रण डब्यात. आपला डबा निळा. शेजारच्या देशाचा लाल, त्यांचे पेपर दुपारच्या बसने येतात. अनिश्चितता कुठून कुठे पसरते हे दाखवलं की साहेब मला कायम करणार. तसं ते म्हणाले नाहीत, पण मान हलवली.

५ मार्च
ही म्हणते, कोपऱ्यावरचा गाळा रिकामा झालाय, शिवणाचं दुकान टाकू. मालकाकडे तीन गिऱ्हाइकं येऊन गेलीत म्हणे. मी समजावलं, आधी मला कायम होऊ दे, शिवाय अशा वातावरणात गुंतवणूक करत नाहीत. कसल्या वातावरणात, असं तिनं विचारलं. निळा डबा उघडून दाखवला. आत दोन कात्रणं होती. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभाव पडला असावा.

९ मार्च
लाल डब्यात तीन! कापडावरचा आयातकर वाढवायचा की नाही, हे पलीकडच्या सरकारचं ठरत नाहीये. म्हणजे साथ तिकडून इकडे येणार. साहेबांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

११ मार्च, सकाळी ७.४०
पेपरात पहिल्या पानावर माझा इशारा, साहेबांनीच पेपरवाल्यांना कळवलेला. शेजारची अनिश्चितता आपल्या दारात, असा मथळा. बातमीत तिन्ही शब्द आहेत. नियम म्हणजे नियम, कात्रण निळ्या डब्यात टाकलं. अंदाज दोन दिवसांत खरा ठरला. अंगावर मूठभर मांस चढलं.

१६ मार्च
पलीकडच्या पेपरांत: शेजारी धास्तावले, आपलं काय? कात्रण लाल डब्यात. आपल्या पेपरांत: शेजाऱ्यांची धास्ती वाढली. कात्रण निळ्या डब्यात. डबे पुरेनात, आता बुटांची खोकी वापरतोय. कापडवाल्यांनी नवीन माल मागवणं थांबवलंय म्हणे. वाईट वाटलं. पण आलेख काय सुंदर चढलाय.

१८ मार्च
संध्याकाळभर घरी कात्रणं. ही काहीतरी सांगत होती. मी हं म्हटलं.

२० मार्च
पलीकडून फोन. तिथेही माझ्यासारखाच एक गृहस्थ डबे भरतो. फार सज्जन. तोही टेंपररीच. त्याच्या मते अनिश्चितता आपल्याकडून तिकडे जाते. मला हसू आवरेना. बिचाऱ्याला म्हटलं, बसने खोकी पाठवतो, बघून घ्या. तो म्हणाला, मीही पाठवतो.

२७ मार्च
खोकी आली. त्याची कात्रणं एकशे सात. त्यातली एकशे चार माझ्या आकड्याबद्दल. मग सहज आपलीही मोजली. एकशे एकोणीस. त्यातली एकशे सतरा त्याच्या आकड्याबद्दल किंवा माझ्याच. उरली त्याची तीन, माझी दोन. दोन म्हणजे ५ तारखेचीच.
मोजण्यात चूक असणार. परत मोजली. परत तेच. त्याला फोन लावला, तर तोही मोजतच बसला होता.
पलीकडच्या सरकारनं आज जाहीर केलं, कर आहे तसाच राहील.

३० मार्च
साहेबांना सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. शास्त्रात याला मोल असतं. साहेबांनी मान हलवली. कक्ष बंद. पंखा हिशेब विभागात गेला.

३१ मार्च, सायंकाळी ६.००
मन मोठं केलं. वातावरण निवळलंय, आता गाळा घ्यायला हरकत नाही, हे हिला सांगायचं ठरवलं. घरी नव्हती. कोपऱ्यावर गेलो तर गाळ्यावर पाटी लागलेली आणि आत ही मशीनवर बसलेली. माझे आकडे वाचून बाकीची तिन्ही गिऱ्हाइकं पळाली. मालक घाबरून भाडं उतरवायला तयार झाला. हिनं अठरा तारखेला सही केली. मला त्याच संध्याकाळी सांगितलं होतं म्हणे, आणि मी हं म्हटलं होतं.
म्हणजे माझा अभ्यास कुणाच्या तरी उपयोगी पडला. हे मी तिला सांगितलं. तिनं बटणांचं पोतं पुढे सरकवलं. रंगाप्रमाणे डब्यांत लावायला माणूस हवाय, आणि डब्यांचा अनुभव मला दांडगा. मी ताठ राहिलो. कायम करणार असशील तरच, असं स्पष्ट बजावलं.
ती म्हणाली, तूर्त टेंपररी. पुढचं अजून काही ठरलेलं नाही.
निळी बटणं निळ्या डब्यात टाकायला घेतली.